बहुमताने मान्य झालेले मरण

भविष्यातील भयावह राजवटीचे चित्र रंगविणारी नाटके दूरचित्रवाणीला नवीन नाहीत. १९५४ च्या डिसेंबरात बी.बी.सी.ने जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीचे नाट्यरूप सादर केले, तेव्हा त्यातील छळाच्या दृश्यांवरून थेट ब्रिटिश पार्लमेंटात निषेधाचे ठराव मांडले गेले होते. त्या नाटकातील भीती सरकारची होती. भिंतीवरून रोखलेला डोळा, शेजाऱ्याची चुगली, बंद खोलीतील यातना अशी ती सारी सामग्री होती. हुकूमशाहीचा अनुभव ताजा असलेल्या युरोपला ती भीती चटकन ओळखू आली. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत हा नाट्यप्रकार पुष्कळ बदलला. अलीकडे त्यातील ज्या मालिकेने जगभर अफाट प्रेक्षकवर्ग मिळविला, त्या 'स्क्विड गेम' या दक्षिण कोरियातील मालिकेत सरकार जवळजवळ नावालाच आहे. तिच्यातील माणसे भितात ती सावकाराला, बँकेच्या नोटिशीला, इस्पितळाच्या बिलाला. आजच्या राजकारणाविषयी या मालिकेला जे सांगावयाचे आहे, त्याचा आरंभ या फरकापासूनच होतो.

मालिकेचे कथानक बऱ्याच जणांना ठाऊक असेल. ज्यांनी ती पाहिली नसेल अशा कार्यकर्त्यांसाठी ते थोडक्यात सांगणे इष्ट. स्क्विड म्हणजे माकूळ. माकळाच्या आकाराची आकृती अंगणात आखून कोरियातील मुले एक खेळ खेळत, त्यावरून हे नाव आले. २०२१ च्या सप्टेंबरात 'नेटफ्लिक्स'वर आलेल्या पहिल्या पर्वात ४५६ कर्जबाजारी माणसांना एका निर्जन बेटावर नेण्यात येते. तेथे त्यांनी लहानपणीचे सहा खेळ खेळावयाचे असतात. हरणाऱ्याला गोळी घातली जाते आणि प्रत्येक मृत्यूमागे १० कोटी वॉन बक्षिसात जमा होतात. छताला टांगलेल्या डुकराच्या आकाराच्या पारदर्शक गल्ल्यात नोटांच्या गड्ड्या वरून पडत राहतात. मुखवटे घातलेले धनिक मद्याचे पेले हाती घेऊन, पैजा लावीत हा तमाशा पाहतात.

विषमतेचे हे रूपक ढोबळ आहे आणि त्यावर लिहिलेही पुष्कळ गेले. मुखवटेधारी धनिकांची पात्रे तर इतकी कृत्रिम वठली आहेत की ती गाळली असती तरी काही बिघडले नसते. टीकाकारांचे लक्ष त्या मानाने जिच्याकडे कमी गेले, ती गोष्ट निराळीच आहे. या कत्तलखान्यात मतदान होते.

बेटावर आल्याबरोबर प्रत्येकाकडून एका संमतिपत्रावर सही घेतली जाते. त्याची कलमे तीनच. खेळाडूला खेळ सोडता येणार नाही. खेळण्यास नकार देणारा बाद होईल. बहुमताने ठरविल्यास खेळ बंद करता येतील. पहिल्याच खेळात २५५ माणसे मारली जातात. उरलेले २०१ जण तिसऱ्या कलमाच्या आधारे मतदान मागतात, आणि नवल असे की, पहारेकरी ती मागणी निमूटपणे मान्य करतात. कोणी कोणाला धमकावीत नाही, मतमोजणीत लबाडी करीत नाही. मतदानापूर्वी फक्त एक गोष्ट केली जाते. तोवर मेलेल्यांच्या मोबदल्यात जमलेले २,५५० कोटी वॉन दिवे लावून सर्वांना दाखविले जातात. मतदानाच्या तोंडावर पैसा दाखविण्याची ही युक्ती एका काल्पनिक बेटापुरतीच आहे, असे राजकारणात वावरणारा कोणीही म्हणणार नाही. तरीही १०१ विरुद्ध १०० अशा मतांनी खेळ थांबतो आणि माणसे घरोघर सोडली जातात. मग काही दिवसांतच त्यांतील १८७ जण आपल्या पायांनी बेटावर परत येतात.

मालिकेच्या या दुसऱ्या भागाचे नाव 'नरक' असे आहे, आणि त्यात दाखविलेला नरक सोल शहरातला आहे. नायक सुंग गी-हुन याच्या आईचा पाय मधुमेहाने सडत चालला आहे. तिने उपचार घ्यावेत तर विमा मुलाने कधीच मोडून खाल्लेला. उत्तर कोरियातून पळून आलेल्या मुलीला आईला आणण्याचे आश्वासन देणाऱ्या दलालाने लुबाडले आहे. अली अब्दुल हा पाकिस्तानी कामगार सहा महिन्यांच्या थकलेल्या मजुरीसाठी मालकाच्या दारात उभा आहे. यांपैकी कोणालाही बेटावर ओढून नेलेले नाही. मालिका ज्या काळात आली त्या काळात कोरियातील कुटुंबांवरील एकूण कर्ज देशाच्या वार्षिक उत्पादनाहून अधिक झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रेक्षकाला यात अतिशयोक्ती का वाटली नाही ते कळते. जबरदस्तीने राबविलेल्या माणसाला गुलाम म्हणतात. पण ज्याच्यापुढे उपासमारीखेरीज दुसरी वाट ठेवलेली नाही आणि तरीही ज्याच्या सहीचा कागद मालकाच्या कपाटात आहे, त्याला काय म्हणावे? कायद्याच्या भाषेत तो स्वतंत्र नागरिक असतो. कंत्राटी कामगाराच्या करारापासून सावकाराच्या चिठ्ठीपर्यंत सारे आधुनिक शोषण या एका सहीवर उभे आहे. ते पडद्यावर इतक्या उघडपणे मांडणारी दुसरी लोकप्रिय कलाकृती सहसा आढळणार नाही.

मतदानाच्या प्रसंगातील आणखी एक मख्खी नोंदविण्याजोगी आहे. पहिल्या पर्वात समान मते पडल्यावर खेळ थांबविणारे अखेरचे मत क्रमांक १ च्या म्हाताऱ्याचे असते. आणि हा गरीब बिचारा म्हातारा या साऱ्या उद्योगाचा मूळ मालक आहे, हे पुढे उघड होते. २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या दुसऱ्या पर्वात प्रत्येक खेळानंतर मतदान ठेवलेले आहे. तेथे पहिल्या मतदानात १८३ विरुद्ध १८२ मतांनी खेळ चालू ठेवण्याचा निर्णय होतो, आणि ते एक निर्णायक मत खेळाडूचे सोंग घेऊन आलेल्या, पुन्हा क्रमांक १ च्याच, व्यवस्थापकाचे असते. थांबविणारे मत मालकाचे, चालविणारे मतही मालकाच्याच माणसाचे. दोन्ही वेळा मोजणी बिनचूक आणि नियम तंतोतंत पाळलेले! मतदान झाले की प्रत्येकाच्या छातीवर निळे वर्तुळ किंवा लाल फुली लावली जाते. काल ज्यांनी एकमेकांचे प्राण वाचविले ते आज दोन तटांत उभे राहतात. रात्री दिवे मालवले की एक तट दुसऱ्याचे गळे कापू लागतो. कारण विरोधक मेला की बक्षीसही वाढते आणि बहुमतही फिरते. मालकाला बोटही उचलावे लागत नाही.

यावरून लोकशाही हे थोतांड आहे आणि माणूस मुळात हावरा आहे असा निष्कर्ष काढणारे प्रेक्षक पुष्कळ भेटतात. पांढरपेशा वर्गाला तो निष्कर्ष विशेष सोयीचा, कारण त्यातून स्वतःवर कोणतीच जबाबदारी येत नाही. परंतु मालिकेचा उगम पाहिला की हा निष्कर्ष टिकत नाही. दिग्दर्शक ह्वांग डाँग-ह्योक यांनी या कथेची मूळ संहिता २००९ साली, स्वतः आर्थिक ओढगस्तीत असताना लिहिली. अवास्तव आणि बीभत्स म्हणून पुढील दहा वर्षे तिला कोणी हात लावला नाही. त्याच २००९ साली प्यांगटेक येथील सँगयाँग मोटर कारखान्यात संप झाला, आणि नायकाचा भूतकाळ रचताना तो संप डोळ्यांपुढे होता हे दिग्दर्शकांनी स्वतःच सांगितले आहे. मालिकेत कारखान्याचे नाव 'ड्रॅगन मोटर्स' आहे. कोरियन भाषेत सँगयाँग म्हणजे जोड-ड्रॅगन. तेव्हा आडपडदा फारसा नाही.

तो संप काय होता? चिनी कंपनीने हात काढून घेतल्यावर दिवाळखोरीच्या छायेत असलेल्या या कारखान्याने २,६४६ कामगारांची कपात जाहीर केली. कामगारांनी मे महिन्यात कारखाना ताब्यात घेतला आणि ७७ दिवस तो सोडला नाही. त्यांचे पाणी तोडले गेले, वीज तोडली गेली. हेलिकॉप्टरमधून अश्रुधुराचे द्रावण ओतले गेले. अखेर ऑगस्टच्या प्रारंभी पोलिसांची कमांडो पथके छपरावर उतरली आणि संप मोडला. पुढील नऊ वर्षांत या कामगारांपैकी व त्यांच्या कुटुंबीयांपैकी तीस जण आत्महत्येने वा आजाराने गेले. कर्ज, बेकारी, काळ्या यादीतील नाव, मोडलेले संसार, असा हा सारा तपशील आहे. गी-हुन हा बेटावर जातो तो जुगारी म्हणून जातो. पण तो जुगारी झाला त्यापूर्वी संपकरी होता. माणसे जात्या लांडगी नसतात. त्यांची संघटना मोडली की त्यांना एकेकटे करून लांडग्यांच्या खेळात उतरविता येते.

मराठी वाचकाने हा इतिहास परका समजण्याचे कारण नाही. २०११ साली सँगयाँगची मालकी मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्र कंपनीकडे आली. बडतर्फ कामगारांच्या पुनर्नियुक्तीचा प्रश्न त्यानंतरही लोंबकळत राहिला. २०१४ च्या डिसेंबरात दोन कामगार कारखान्याच्या सुमारे ७० मीटर उंच धुराड्यावर चढून बसले आणि ऐन थंडीत तीन महिने तेथे राहिले. २०१८ च्या जुलैमध्ये कोरियाचे तत्कालीन अध्यक्ष मून ज्ये-इन भारतात आले असता त्यांनी आनंद महिंद्र यांच्यापाशी या कामगारांचा विषय काढला. त्या सप्टेंबरात उरलेल्या ११९ जणांना परत घेण्याचा करार झाला. पुढे महिंद्रनेही नवे भांडवल घालण्यास नकार दिला आणि २०२२ मध्ये कारखाना पुन्हा कोरियन मालकाकडे गेला. संपाच्या वेळी मालक चिनी होते, तडजोडीच्या वेळी हिंदी. भांडवल तीनदा देश बदलून गेले. धुराड्याखालचा कामगार तेथेच होता.

या संपाची मालिकेत मात्र काय गत झाली आहे हे पाहण्यासारखे आहे. तो येतो नायकाच्या दुःस्वप्नासारखा: अंधार, धावपळ, आपल्या डोळ्यांदेखत मरणारा सहकारी. संघटनेचे रोजचे जिणे, सभा, मतभेद, वर्गणी, तुरुंगातील साथीच्या घरी पोचविलेले धान्य, यांतले काहीच नाही. संप म्हणजे एक जखम, एवढेच प्रेक्षकाच्या मनावर उमटते. बंधुभावाचीही तीच कथा. अली सगळ्यांना मालक म्हणून हाक मारतो, तेव्हा नामवंत विद्यापीठात शिकलेला सांग-वू त्याला म्हणतो, मला दादा म्हण. बेटावरील पहिला माणुसकीचा शब्द तोच. आणि गोट्यांच्या खेळात हाच दादा अलीला फसवून मृत्यूच्या तोंडी देतो. अनुपम त्रिपाठी या भारतीय नटाने अलीचा तो भाबडा विश्वास असा काही उभा केला आहे की तो प्रसंग विसरता येत नाही. शिकलेल्या वर्गाने कष्टकऱ्याला दादा म्हणावयास शिकवावे आणि ऐन वेळी त्याच्या हातची पुरचुंडी पळवावी, याचा अनुभव चळवळीतल्या जुन्या माणसांना नवा नाही. पण चळवळीत त्या अनुभवानंतरही माणसे पुन्हा एकत्र येतात. मालिकेत तसे होत नाही.

दुसऱ्या पर्वात तर गी-हुन बंड करतो. पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून मूठभर साथीदारांसह तो वर मालकाच्या खोलीकडे निघतो. त्याआधीच्या रात्री हल्ला होणार हे त्याला ठाऊक असते. परंतु आपला बेत साधावा म्हणून तो खेळ थांबवा म्हणणाऱ्या इतर माणसांना सावध करीत नाही, त्यांना मरू देतो. ज्यांच्यासाठी बंड, त्यांनाच बंडाची वार्ता नाही! बंड फसते, आणि मालिका ते मालकाच्या कपटाच्या खाती मांडते. वस्तुतः ते फसते ते त्या रात्रीच. जनतेला अंधारात ठेवून तिच्या वतीने केलेल्या पराक्रमाचे जे होते तेच त्याचे झाले. लेखकाला हे कितपत अभिप्रेत होते हा प्रश्न वेगळा. तिसऱ्या पर्वात, २०२५ च्या जूनमध्ये, नायकाला एका तान्ह्या बाळासाठी आत्मबलिदान करावयास लावून कथा संपविली आहे. एकटा माणूस पुण्यवान होऊन मरतो आणि खेळ अमेरिकेत चालू राहतो.

बाजाराने या मालिकेचे जे केले त्यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. 'ब्लूमबर्ग'ने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार पहिल्या पर्वाचा खर्च सुमारे २ कोटी १४ लाख डॉलर आणि त्यातून 'नेटफ्लिक्स'ला मिळालेले मूल्य सुमारे ८९ कोटी डॉलर. लेखक-दिग्दर्शकाने हक्क आधीच लिहून दिलेले होते. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याच कंपनीने हा खेळ खऱ्या माणसांना घेऊन खेळविला. ४५६ स्पर्धक, ४५ लाख ६० हजार डॉलरचे बक्षीस. गोळ्यांच्या जागी शाईच्या पिशव्या. जानेवारीच्या थंडीत इंग्लंडमधील एका जुन्या विमानशाळेत तासन् तास निश्चल उभे केल्याच्या तक्रारी स्पर्धकांनी केल्या. शोषणावरील टीकाही पुन्हा शोषणाच्याच मंडईत वजनावर विकली जाते, याचा यापेक्षा रोकडा पुरावा कोणता हवा?

तरीही ही नाटके टाकाऊ ठरत नाहीत. त्यांचे खरे मोल ती कोणाच्या हाती पडतात यावर ठरते. २०१७ पासून अमेरिकेतील स्त्रिया 'द हँडमेड्स टेल' मालिकेतील लाल झगे आणि पांढऱ्या टोप्या घालून विधानभवनांसमोर उभ्या राहिल्या. ते चित्र प्रभावी होते, पण २०२२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतलाच. पोशाखाने न्यायपीठाची रचना बदलत नाही. सोलमध्ये २०२१ च्या ऑक्टोबरात कोरियन कामगार महासंघाने सार्वत्रिक संप पुकारला तेव्हा मोर्चातील काही कामगार 'स्क्विड गेम'चे पोशाख घालून आले होते. तेथे पोशाख हा मोर्चाला मिळालेला एक अलंकार होता. मोर्चा त्यावर विसंबून नव्हता.

त्या संघटनेची आणि त्या समाजाची कसोटी २०२४ च्या ३ डिसेंबरच्या रात्री लागली. अध्यक्ष यून सुक-योल यांनी रात्री साडेदहाच्या सुमारास लष्करी कायदा पुकारला. पक्षांचे कार्य बंद, सभा-मोर्चे बंद, संप बंद, वृत्तपत्रे लष्कराच्या ताब्यात. १९७५ च्या जूनमधील रात्र ज्यांनी अनुभवली त्यांना ही यादी पाठ आहे. पण सोलचे नागरिक काही तासांतच राष्ट्रीय सभेच्या फाटकाशी जमले. सैनिकांच्या वाटेत माणसे उभी राहिली. सभासदांपैकी काही जण कुंपणावरून उड्या टाकून आत शिरले, आणि मध्यरात्रीनंतर उपस्थित १९० च्या १९० सभासदांनी लष्करी कायदा उठविण्याच्या बाजूने मत दिले. महासंघाने अध्यक्ष जाईपर्यंत संपाची हाक दिली. २०२५ च्या ४ एप्रिलला घटना न्यायालयाने यून यांना पदच्युत केले. मालिकेचे दुसरे पर्व त्या रात्रीनंतर २३ दिवसांनी आले. पडद्यावर १८३ विरुद्ध १८२ असे मरणाचे मतदान चालू होते आणि त्याच देशात ते दुसरे मतदान नुकतेच होऊन गेले होते. दोन्हींत फरक एवढाच की, सभागृहात मत देणाऱ्यांसाठी बाहेर रस्त्यावर कोणीतरी उभे होते.

सँगयाँगच्या संपकऱ्यांचीही एक गोष्ट पडद्यावर आलेली नाही. २०१३ साली न्यायालयाने त्यांना कंपनीच्या व पोलिसांच्या नुकसानीपोटी सुमारे ४७० कोटी वॉन भरण्याचा आदेश दिला. म्हणजे नोकरी गेलेल्या माणसाच्या मानेवर, तिने संप केला या गुन्ह्यासाठी, आणखी एक कर्ज! त्या वेळी एका साप्ताहिकाच्या वाचक स्त्रीने ४७,००० वॉन संपादकांकडे पाठविले. अशी एक लाख माणसे निघाली तर दंड फिटेल, असा तिचा साधा हिशेब होता. २०१४ मध्ये त्यातून चळवळ उभी राहिली. पूर्वी पगार पिवळ्या पाकिटातून मिळे, म्हणून तिचे नाव 'पिवळे पाकीट' पडले. २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या बाजूचा निकाल फिरविला. संपकऱ्यांवरील नुकसानभरपाईच्या दाव्यांना आवर घालणारा कायदा राष्ट्रीय सभेने दोनदा संमत केला आणि यून यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरून तो अडविला. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये, तिसरे पर्व येऊन दोन महिने होत असताना, तो संमत झाला. पोटकंत्राटदाराकडे राबणाऱ्या कामगारांशी मूळ कंपनीने वाटाघाटी कराव्यात, अशीही तरतूद त्यात आहे. गुंतवणूक पळून जाईल, ही हाकाटी उद्योगपतींनी आणि परदेशी व्यापारी मंडळांनी अपेक्षेप्रमाणे केली.

अली अब्दुलसारख्यांना या कायद्याने किती हात मिळेल, हा प्रश्न मात्र त्या चळवळीपुढे उरला आहे. २००४ साली सुरू झालेल्या परवाना पद्धतीने परदेशी कामगाराला एका मालकाशी जखडून टाकले. मजुरी थकली तरी दुसरीकडे काम धरणे त्याला सहजासहजी साधत नसे. त्याने संघात यावे यासाठी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारा कार्यकर्ता हवा, आणि महासंघाच्या शाखांमध्ये त्या कामाची खटपट बरीच वर्षे चालू आहे.